चाचणीच्या दिवसापुरता कन्व्हर्टर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाहनविषयक पुरवणीत एका वाचकाचा प्रश्न आणि त्याला दिलेले उत्तर वाचले. त्याने गाडीचा मूळ एक्झॉस्ट उतरवून नवा हेडर (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्यांचा जुडगा), जाड पाइप आणि मोकळा सायलेन्सर बसवला आहे. या कामात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू निरुपद्रवी करणारा डबा, निघाला. आता धुराच्या चाचणीत गाडी पास कशी करायची, असा त्याचा प्रश्न होता. उत्तर असे छापले आहे: मूळ कन्व्हर्टर ठेवला असेल तर आदल्या दिवशी बसवून घ्या, गाडी अर्धा तास चांगली पळवा, इंजिन गरम असतानाच तपासणीला न्या, आणि प्रमाणपत्र हातात आले की पुन्हा आपला एक्झॉस्ट चढवा.

मी ते कात्रण काढून ठेवले आणि दोनदा वाचले. सांगितले तसे केले तर गाडी पास होईल, यात मला शंका नाही. मी २९ वर्षे वर्कशॉपमध्ये काढली, त्यातली शेवटची ९ वर्षे धूर तपासण्याच्या यंत्रावर. अशा कितीतरी गाड्या माझ्या हाताने पास झाल्या आणि दुसऱ्या दिवशी कन्व्हर्टर काढून रस्त्यावर आल्या. मला हे ठाऊक आहे, कारण काढायचे कामही बऱ्याचदा आमच्याच पिटवर व्हायचे. उत्तर बरोबर आहे आणि तेच मला छळते आहे, म्हणून लिहायला बसलो.

आधी यंत्राला काय दिसते ते सांगतो. पेट्रोल गाडीच्या धुराच्या नळीत प्रोब, म्हणजे यंत्राची धूर ओढून घेणारी बारीक नळी, घातला की पडद्यावर चार वायूंचे आकडे येतात: कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि ऑक्सिजन. त्यांवरून यंत्र पाचवा आकडा काढते, तो लॅम्डा. इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा नेमकी गेली तर लॅम्डा १ येतो, हवा जास्त झाली तर वर जातो, पेट्रोल जास्त झाले तर खाली येतो. इंजिन निरोगी, गरम झालेले आणि कन्व्हर्टर जिवंत असला की कार्बन मोनॉक्साइड शून्याला चिकटलेला असतो, हायड्रोकार्बन नावापुरते, ऑक्सिजन जेमतेम आणि कार्बन डायऑक्साइड १५ टक्क्यांच्या जवळ. त्याच गाडीचा कन्व्हर्टर काढा, इंजिनाला हात न लावता कार्बन मोनॉक्साइड अर्ध्या-पाऊण टक्क्यावर जातो आणि हायड्रोकार्बन शंभर-दोनशे पीपीएमवर (दहा लाखांत शंभर-दोनशे भाग). युरोपात अलीकडच्या पेट्रोल गाड्यांना वाढवलेल्या रेसवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.२ टक्के आहे आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या आत लागतो. तिथे ही गाडी अडकणार. म्हणजे एवढ्यापुरती चाचणी आपले काम चोख करते.

पण चाचणी चालते किती वेळ? दोन-चार मिनिटे. गाडी जागेवर उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन गरम. चढावर भरलेली गाडी ओढताना इंजिनातून काय बाहेर पडते, ते त्या यंत्राला कधी कळत नाही. नायट्रोजन ऑक्साइड तर अशा उभ्या तपासणीत मोजलेच जात नाहीत, आणि मोजले तरी फारसे सापडणार नाहीत. ते तयार व्हायला सिलिंडरमध्ये प्रचंड तापमान लागते आणि ते येते लोड पडल्यावर. कन्व्हर्टरमधला ऱ्होडियम हा धातू नेमका याच वायूंसाठी असतो. प्लॅटिनम आणि पॅलेडियम कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन जाळून टाकतात, ऱ्होडियम नायट्रोजन ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेऊन साधा नायट्रोजन सोडून देतो. कन्व्हर्टर उतरवल्यावर हे तिसरे काम बंद पडले, याची नोंद कुठल्याही पावतीवर होत नाही.

आता माझ्या हातून झालेली गोष्ट सांगतो.

कामाला लागून पाचेक वर्षे झाली असतील. एक गाडी आली, पिकअप पूर्ण गेलेला, चौथ्या गिअरमध्ये ओढेना. कन्व्हर्टर चोक झाला होता. मालकाला नवा घालायचा नव्हता. आमच्या मोठ्या मिस्त्रींनी मला सांगितले, उतरव आणि आतून मोकळा कर. मी तो व्हाइसमध्ये धरला, लांब सळई घेतली आणि हातोड्याने ठोकायला लागलो. आत फिकट राखाडी रंगाचे पोळे असते, चिनी मातीसारखे कडक. एका चौरस इंचात साधारण ४०० छिद्रे, टाचणी जेमतेम जाईल एवढी. भिंती कागदासारख्या पातळ. पुढच्या तोंडाला ते पोळे वितळून गोळा झाले होते, मेणबत्ती वाकून थिजावी तसे. मागचा अर्धा भाग मात्र शाबूत होता. दहा-बारा घावांत सगळे खाली आले. बारीक धूळ उडाली, ती नाकातोंडात गेली. तुकडे झाडून कचऱ्यात टाकले. रिकामे नळकांडे परत जागेवर वेल्ड केले. खालून वाकून बघणाऱ्याला कन्व्हर्टर जागच्या जागी दिसणार.

गाडी पळायला लागली. मालक खूश, मिस्त्री खूश, मी खूश. ते पोळे वितळले कशामुळे, हे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही.

उत्तर अगदी साधे होते. एका सिलिंडरची इग्निशन कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी वीज देणारा भाग, अधूनमधून मिस मारत होती. न जळलेले पेट्रोल तसेच पुढे जाऊन कन्व्हर्टरमध्ये पेटत होते आणि पोळे वितळेपर्यंत तापत होते. कन्व्हर्टर आपणहून सहसा मरत नाही, त्याला कोणीतरी मारते. मिसफायर मारतो, ऑइल खाणारे इंजिन मारते (ऑइलमधले फॉस्फरस आणि जस्त पोळ्यावर थर धरतात), कूलंट आत गळत असेल तर तेही मारते. रोगी इंजिनाने कन्व्हर्टर खाल्ला आणि आम्ही कन्व्हर्टर काढून रोगी इंजिन तसेच परत पाठवले.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी यंत्रावर बसायला लागलो. पावसाळ्यातली दुपार होती. शटर अर्धे खाली ओढले होते, धूर बाहेर फेकणारा पंखा बिघडलेला. गाड्यांची रांग होती म्हणून आम्ही काम थांबवले नाही. प्रोब घालायला एक पोरगा होता, सतरा-अठराचा. गाडीच्या मागे उकिडवा बसून नळीत प्रोब धरायचा, आकडे स्थिर होईपर्यंत तिथेच. चौथी की पाचवी गाडी चालू असताना तो म्हणाला, डोके जड झाले आहे. मी म्हटले, एवढी होऊ दे. तो उठायला गेला आणि भिंतीला धरून खाली बसला, मग ओकला. आम्ही त्याला उचलून बाहेर पावसात नेले. तासाभराने रंग परत आला. दोन दिवस डोके दुखत होते.

पडद्यावर तेव्हाचा आकडा तसाच होता: कार्बन मोनॉक्साइड ३.८ टक्के. मी गाडीखाली बॅटरी मारली. कन्व्हर्टर जागेवर दिसत होता. त्याच्या पोटावरून गेलेली वेल्डिंगची ओळ मी ओळखली. सुरुवातीला जाड, मध्ये एक ठिकाणी हात थांबून गाठ आलेली. माझीच होती ती. मालक बदलला होता, गाडी तीच.

त्या दिवशी पोराला जे झाले ते एकट्या त्याच गाडीमुळे, असे मी म्हणणार नाही. शटर बंद होते, पंखा बंद होता आणि काम चालू ठेवणारा मी होतो. पण कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो पोरगा त्या नळीपासून हातभर अंतरावर बसला होता. पोळे शाबूत असते आणि कॉइल वेळेवर बदलली असती, तर त्या नळीतून तो वायू जवळजवळ आलाच नसता. तेव्हापासून कन्व्हर्टरचा विषय निघाला की मला आकड्यांच्या आधी ती वेल्डिंगची गाठ दिसते.

ज्या पोळ्यावर मी हातोडा चालवला, ते माणसाच्या हाती किती कष्टाने आले हे मला फार उशिरा कळले. १९५० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या हवेत डोळे चुरचुरत होते. गाड्यांतून निघणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड उन्हात एकमेकांशी भिडून ते धुके तयार करतात, हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले. फ्रान्समधून अमेरिकेत गेलेल्या यूजीन हूड्री या अभियंत्याने त्याच काळात गाडीसाठी कन्व्हर्टर बनवला आणि १९५६ मध्ये त्याला पेटंटही मिळाले. पण पेट्रोलमध्ये शिसे होते. शिसे त्या धातूंवर बसले की कन्व्हर्टर संपला. त्यामुळे हूड्रीचे यंत्र रस्त्यावर येऊ शकले नाही. अमेरिकेत १९७० साली हवेचा कायदा कडक झाला, १९७५ च्या मॉडेलपासून गाड्यांना कन्व्हर्टर लागले आणि त्यांच्यासाठी बिनशिशाचे पेट्रोल पंपावर आले. तिन्ही वायूंवर एकदम काम करणारा कन्व्हर्टर घडवण्याचे श्रेय जॉन मूनी आणि कार्ल कीथ यांना देतात. शिशाचे पेट्रोल जगातून पुरते जायला मात्र २०२१ साल उजाडले. ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया होता. मेंदूवर घाव घालणारे शिसे पेट्रोलमधून हटले, त्यामागचे एक मोठे कारण हे पोळे आहे. आणि आम्ही ते दहा घावांत कचऱ्यात टाकतो.

आपल्या उत्तरात "स्पोर्ट्स कॅट", म्हणजे बाजारात मिळणारा जास्त मोकळा कन्व्हर्टर, बसवण्याचाही एक पर्याय सुचवला आहे. त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे चांगल्या मनाची माणसेही फसतात. कन्व्हर्टर आहे ना, मग झाले, असे त्यांना वाटते. कन्व्हर्टर काम करायला लागतो तो २५० ते ३०० अंशांच्या आसपास तापल्यावर. थंड असताना तो फक्त एक छिद्रांचा डबा असतो. म्हणून आजकालचे कन्व्हर्टर इंजिनाला अगदी खेटून, मॅनिफोल्डच्या (सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र आणणाऱ्या भागाच्या) तोंडाशी बसवतात. गाडी चालू झाल्यावर ते झटपट तापावेत हा हेतू. बाजारातला लांब हेडर लावला की कन्व्हर्टर मागे, गाडीच्या पोटाखाली सरकतो. तिथपर्यंत पोचताना धुरातली उष्णता पाइपातच जाते. शिवाय या स्पोर्ट्स कॅटमध्ये एका चौरस इंचात ४०० ऐवजी बहुधा २०० छिद्रे असतात आणि धातूंचा लेपही अनेकदा पातळ असतो. अर्धा तास पळवून आणलेल्या गाडीवर तपासणी केली तर हे सगळे लपते. सकाळी थंड इंजिन चालू करून मुलाला शाळेत सोडायला जाणाऱ्या गाडीवर ते लपत नाही. एका फेरीत निघणाऱ्या हायड्रोकार्बनचा मोठा हिस्सा पहिल्या एक-दोन मिनिटांतच निघून जातो, कन्व्हर्टर तापायच्या आधी. त्या मिनिटांची सहा-सात झाली, तरी प्रमाणपत्र तेच.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर लोक उगाच घाबरतील. इंजिन गरम करून तपासणीला नेणे ही लबाडी नाही. ही तपासणी गरम इंजिनासाठीच आखलेली आहे. ऑइल ८० अंशांच्या आसपास आलेले असावे लागते. थंड गाडीवर प्रोब घालून निरोगी गाडी नापास करणारे तपासनीसही मी पाहिले आहेत आणि त्यांची चूक होती. एअर फिल्टर बदलून, नवे प्लग घालून, वेळेवर ऑइल बदलून गाडी नेली तर उत्तमच. त्याने गाडी खरोखर सुधारते आणि तपासणीनंतरही सुधारलेलीच राहते. माझी कसोटी एवढीच आहे: तपासणीसाठी केलेला बदल दुसऱ्या दिवशी उलटवायचा असेल, तर ती तयारी नव्हे.

आता मागच्या सेन्सरविषयी. कन्व्हर्टरच्या पुढे एक ऑक्सिजन सेन्सर असतो आणि मागे एक. साध्या प्रकारच्या पुढच्या सेन्सरचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सारखे वर-खाली होत राहते, कारण गाडीचा कॉम्प्युटर मिश्रण क्षणात किंचित रिच (पेट्रोल जास्त), क्षणात किंचित लीन (हवा जास्त) करत असतो. पेट्रोलसाठी नेमके प्रमाण वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल. कन्व्हर्टरच्या लेपात सेरियम नावाच्या धातूचे ऑक्साइड असते. ते लीन क्षणी ऑक्सिजन साठवते, रिच क्षणी सोडते. त्यामुळे जिवंत कन्व्हर्टरच्या मागचा सेन्सर जवळजवळ स्थिर राहतो. मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागला, की कॉम्प्युटरला कळते की पोळे मेले किंवा तिथे नाहीच, आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर बहुतेक वेळा पी ०४२० हा बिघाडाचा कोड येतो. स्कॅनर हातात धरून हे दोन आलेख शेजारी शेजारी बघितले आहेत त्याला वेगळे काही समजवावे लागत नाही. छातीचा ठोका बघावा इतके ते स्वच्छ दिसते.

यावरही लोकांनी मार्ग काढले आहेत. मागच्या सेन्सरला फसवणारे तुकडे मिळतात, कॉम्प्युटरमधून ती तपासणीच पुसून देणारे लोक मिळतात. काही जण तपासणीच्या तासभर आधी कोड पुसून येतात. जिथे स्कॅनर लावून तपासतात तिथे हे शेवटचे सहज पकडले जाते, कारण कोड पुसला की गाडीच्या स्वतःच्या आतल्या चाचण्याही कोऱ्या होतात आणि ठरावीक प्रकारे गाडी चालवल्याशिवाय त्या पुन्हा पूर्ण होत नाहीत. पण मला खंत वेगळीच आहे. हा दिवा मालकाच्या भल्यासाठी आहे. मिसफायर झाला, सेन्सर गेला, मिश्रण रिच झाले, तर हाच दिवा आधी सांगतो. तो मुका केला की पेट्रोल जास्त जाते, प्लग काळे पडतात, सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन निघते, आणि इंजिन उघडायची वेळ आली की मालक मिस्त्रीला विचारतो, असे कसे झाले?

डिझेलबद्दल पुरवणीत काही नव्हते, पण तिथले दुखणे याहून मोठे आहे. डिझेलच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो चोक झाला की लोक पोकळ करून घेतात. धूर मोजणारे जुने यंत्र धुरातून प्रकाश किती अडतो एवढेच बघते. नव्या डिझेल इंजिनाचा धूर फिल्टर काढल्यावरही डोळ्यांना फारसा दिसत नाही, कारण कण अतिशय बारीक असतात, आणि यंत्रालाही दिसत नाही. गाडी आरामात पास. नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनी यांनी हे ओळखून तपासणीत कण मोजणारी यंत्रे आणली. जर्मनीत २०२३ पासून एका घन सेंटिमीटरमध्ये अडीच लाख कण ही मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये २०१४ पासून मूळचा फिल्टर जागेवर नसेल तर गाडी थेट नापास होते. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०२० मध्ये अंदाज मांडला होता, की दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांची प्रदूषण रोखणारी यंत्रणा मालकांनी काढून टाकली. साडेपाच लाख गाड्या, आणि प्रत्येकीच्या खाली कोणीतरी माझ्यासारखा मिस्त्री पाना घेऊन झोपला असणार.

२०१५ च्या सप्टेंबरमध्ये फोक्सवॅगनचे प्रकरण बाहेर आले, तेव्हा आमच्या वर्कशॉपमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. गाडी चाचणीच्या रोलरवर आहे हे सॉफ्टवेअर ओळखायचे आणि तेवढ्यापुरती धुराची सफाई पूर्ण जोरात चालवायचे. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जायचे. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. आम्ही सगळे संतापलो होतो. बोलता बोलता माझ्या मनात आले, की त्यांनी सॉफ्टवेअरने केले ते आपण पान्याने करतो. चाचणीच्या दिवशी एक गाडी, उरलेल्या दिवसांत दुसरी. त्या दिवशी मी मालकांना सांगून टाकले, की कन्व्हर्टर पोकळ करायचे आणि चाचणीपुरते बसवायचे काम मी करणार नाही. त्यांनी मला काढले नाही, पण ते काम दुसऱ्याच्या हातून होत राहिले, हेही खरे आहे.

एक्झॉस्ट बदलूच नये असे माझे म्हणणे नाही. गाडीवर प्रेम करणारी तरुण पोरे मला आवडतात. त्यांच्यातलीच काही पुढे उत्तम मिस्त्री होतात. कन्व्हर्टर आणि त्याच्या मागचा सेन्सर संपल्यावर जी नळी सायलेन्सरकडे जाते, तिथे चांगल्या कामाला जागा आहे. मऊ वळणाचे पाइप, नीट बनवलेला सायलेन्सर, आवाज मर्यादेत ठेवून थोडा भारदस्त केलेला. त्याने धुरातल्या वायूंना धक्का लागत नाही. कन्व्हर्टर ताकद खातो हा समजही जुन्या काळचा आहे. शाबूत पोळ्यातून धूर सहज जातो, ताकद खातो तो चोक झालेला कन्व्हर्टर, आणि चोक झाला असेल तर आधी इंजिनाला विचारायचे. हेडर बदलायचाच असेल तर कन्व्हर्टर मूळच्या इतकाच इंजिनाजवळ राहतो का ते पाहायचे. राहत नसेल तर तो हेडर घ्यायचा नाही.

तपासणी करणाऱ्या माझ्या सोबत्यांनाही एक सांगायचे आहे. मी नेहमी आधी कार्बन डायऑक्साइड बघायचो. कोणी जोड सैल करून किंवा पाइपाला छिद्र पाडून धुरात बाहेरची हवा मिसळू देतो, तेव्हा कार्बन मोनॉक्साइड खाली आलेला दिसतो आणि आपण फसतो. पण कार्बन डायऑक्साइडही ९-१० टक्क्यांवर घसरलेला असतो आणि ऑक्सिजन चढलेला. कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड यांची बेरीज १५ च्या आसपास नसेल तर त्या आकड्यांवर सही करू नका, आधी गळती शोधा. कन्व्हर्टरच्या पोटावर ताजे वेल्डिंग दिसले तर तिथे हलक्या हाताने टिचकी मारा. भरलेला आणि रिकामा डबा वेगळा वाजतो. आणि प्रोब धरणाऱ्या पोराला गाडीच्या मागे बसवू नका. प्रोब अडकवा आणि त्याला बाजूला, वारा जिकडून येतो तिकडे उभे करा. पंखा बंद असेल तर काम बंद.

संपादक महोदय, आपल्याकडे एवढीच विनंती आहे, की त्या उत्तराच्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत, उत्तराचा राहिलेला अर्धा भाग छापावा.

आणि प्रश्न विचारणाऱ्या वाचकासाठी. आपण लिहिले आहे, की मूळ कन्व्हर्टर घरी जपून ठेवला आहे. फार चांगले केलेत. बसवण्यापूर्वी तो उजेडाकडे धरून एका तोंडातून दुसरीकडे बघा. सगळ्या छिद्रांतून उजेड यायला हवा, कडा काळ्या-तेलकट नकोत. हलवून बघा, आत खडखड झाली तर पोळे फुटलेले आहे. शाबूत असेल तर दोन्ही बाजूंची गॅस्केटे नवी घ्या, जुनी पुन्हा वापरू नका. नट जळालेले असतील तर नवे घाला. सेन्सरच्या आट्यांजवळ कुठेही साधे सिलिकॉन सीलंट लावू नका. त्याची वाफ सेन्सर मारते. सगळे आवळून झाल्यावर थंड इंजिन चालू करा आणि प्रत्येक जोडाजवळ हात फिरवून गळती बघा, पाइप तापायच्या आत. मग स्कॅनर लावून मागच्या सेन्सरचा आलेख पाहा. इंजिन गरम झाल्यावर तो शांत झाला, तर तपासणीला जा.

आणि परत आल्यावर ते बोल्ट सैल करू नका.

आपला,
एक निवृत्त मिस्त्री
(नाव छापू नये, ही विनंती)